जुन्नर-आंबेगावमधून मुलांना घेऊन अलिबागला निघालात? आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघा

भरती-ओहोटीचं गणित, घाटातली मळमळ, लाइफ जॅकेटचं माप आणि बोटीचे नियम. लहान मुलांसोबतच्या पहिल्या समुद्र सहलीआधी माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी, सोप्या शब्दांत.

थोडक्यात महत्त्वाचं
• भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल किल्ल्यावर चालत गेलेल्यांची वेळ आज तुमच्या कामाची नाही.
• ओहोटी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वात वेगाने चढतं.
• विहिरीत, धरणात पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही.
• मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट लहान मुलाला वाचवत नाही.

दिवाळी झाली, शाळेला सुट्टी आहे आणि कांद्याची लागण सुरू व्हायला अजून चार दिवस आहेत. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव पट्ट्यातल्या अनेक घरांत याच काळात ‘यंदा पोरांना समुद्र दाखवू’ हा विषय निघतो. महाबळेश्वर झालेलं असतं, अष्टविनायकातले लेण्याद्री आणि ओझर तर घरचेच. समुद्र मात्र राहिलेला असतो आणि बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते अलिबागचं.

तसा समुद्र जुन्नरला परका नाही. हवाई अंतर मोजलं तर जुन्नर ते अलिबाग जेमतेम सव्वाशे किलोमीटर भरतं. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही त्या वाटेची आठवण देतो. अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्लाही जुन्नरशी जोडलेला आहे. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस, १६८० मध्ये, हा किल्ला बांधायला घेतला. संभाजी महाराजांच्या काळात तो पूर्ण झाला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं बनलं.

हा किल्ला मुलांना दाखवायलाच हवा. पण तिथे चालत जाण्याची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि घाटमाथ्यावरच्या कुटुंबांची गफलत नेमकी इथेच होते.

भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची?

समुद्राचं पाणी चंद्राच्या ओढीने चढतं आणि उतरतं. सूर्याचीही ओढ असते, पण चंद्राचा वाटा मोठा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते.

यावरूनच कोकणात एक सोपा हिशेब रूढ आहे. चालू तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच.

उदाहरणं पाहा:
• द्वितीया: २ गुणिले पाऊण म्हणजे दीड. भरती दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास.
• चतुर्थी: भरती तीनच्या सुमारास, ओहोटी सकाळी नऊच्या आसपास.
• अष्टमी: भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, ओहोटी भर दुपारी बाराच्या आसपास.
• दशमी: भरती साडेसातच्या सुमारास, ओहोटी दुपारी दीडच्या आसपास.
• पौर्णिमा किंवा अमावास्या: भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आत-बाहेर.

हा हिशेब तासाभराने इकडे किंवा तिकडे चुकू शकतो. त्यामुळे तो सहलीची तारीख ठरवण्यापुरता वापरा. प्रत्यक्ष पाण्यात पाय टाकताना त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक आणि किनाऱ्यावरच्या स्थानिकांचा शब्द, दोन्ही घ्या.

कोणत्या तिथीला किल्ला चालत गाठता येतो?

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती ओसरतं याला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. त्याला उधाण म्हणतात. उधाणाला भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी पडते, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, पण पुरतं ओसरतही नाही. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराची ओहोटी कागदावर सोयीची दिसली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी उरलेलं असू शकतं.

मुलं सोबत असतील तर द्वितीया ते पंचमी हे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे. ओहोटी साधारण सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान येते, ऊन चढलेलं नसतं आणि वाट बऱ्यापैकी मोकळी होते. पौर्णिमेच्या संध्याकाळची ओहोटी खोल असली तरी परतताना अंधार पडतो, त्यामुळे पोरांना घेऊन ती वेळ टाळलेलीच बरी.

पाणी थोडं असेल तेव्हा घोडागाड्या किल्ल्यापर्यंत जातात आणि भरतीला बोटी चालतात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. आत आंग्रेकालीन गणपती मंदिर आहे आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा साठाही आहे. मुलांचा पहिला प्रश्न हमखास यावरच असतो.

‘अजून दहा मिनिटं’ महागात का पडतात?

भरतीचं पाणी नळाखालच्या बादलीसारखं एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. जगभरचे खलाशी हाच ठोकताळा वापरतात.

आता आकडे घालून बघू. उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी ४ मीटरने चढणार असेल, तर पहिल्या तासात ती ३३ सेंटिमीटर चढते. किनाऱ्यावरच्या माणसाला हा बदल जाणवतही नाही. तिसऱ्या एका तासात मात्र ती पूर्ण १ मीटर चढते, म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची.

त्यात आणखी एक फसवणूक असते. किनाऱ्याची जमीन सपाट नसते. पाणी आधी खोलगट पट्ट्यांत शिरतं आणि असे पट्टे बऱ्याचदा तुमच्या पाठीमागे, किनारा आणि तुम्ही यांच्या मधे असतात. उभं असलेल्या जागी वाळू कोरडी दिसते, पण परतीची वाट बंद झालेली असते. म्हणून नियम साधा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभराच्या आत किनाऱ्यावर परत या. फोटो राहिले तर राहू द्या.

विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात का हरतो?

माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांच्या आणि कालव्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या अनेकांना पोहायला येतं. हाच आत्मविश्वास समुद्रावर धोक्याचा ठरतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. वरून बघताना हा पट्टा शांत दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात. त्यामुळे नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो.

या ओढीत सापडल्यावर सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिलं तर दम संपतो. किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळायचं. जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात हलवून मदत मागायची. हे मोठ्या माणसासाठी झालं. चार-सहा वर्षांच्या मुलाकडून याची अपेक्षा करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी उपाय एकच. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ती तरुण मुलं होती आणि दिवस पावसाळ्याचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोकांचा बुडून मृत्यू झाला. त्यातली जवळपास एक चतुर्थांश मुलं पाच वर्षांखालची होती.

सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो. लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडतं. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वास उरत नाही. दहा जणांच्या कुटुंबात ‘सगळेच लक्ष ठेवून आहेत’ याचा अर्थ अनेकदा कुणीच ठेवून नाही असा होतो. मुलं पाण्यात असेपर्यंत वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नको आणि भेळही नको. मुलांना केशरी, पिवळे किंवा भडक गुलाबी कपडे घाला. निळा-हिरवा रंग पाण्यात दिसेनासा होतो.

प्रवास किती तासांचा? घाटात मुलांना मळमळतं का?

राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली, पेण आणि वडखळमार्गे अलिबाग मंचरपासून साधारण १६० ते १७०, तर जुन्नरपासून १९० ते २०० किलोमीटर पडतं. लहान मुलं असतील तर थांबे धरून सहा तास मोजा. ओतूर भागातल्यांना माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, पनवेलमार्गेही जाता येतं. शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबरच्या आसपास पेण-वडखळ-अलिबाग पट्ट्यात वाहनांच्या रांगा लागतात, त्यामुळे जमल्यास आठवड्याच्या मधले दिवस निवडा.

पहाटे निघणार असाल तर एक गोष्ट इथल्यांना वेगळी सांगायला नको, तरीही सांगायला हवी. जुन्नर वन विभाग बिबट्यांचा पट्टा आहे. गाडी येईपर्यंत मुलांना उसाच्या कडेला, रस्त्यावर उभं करू नका. गाडी दारात आल्यावरच त्यांना बाहेर काढा.

घाटात मळमळण्याचं कारण पोटापेक्षा कानात जास्त असतं. आतल्या कानाला वळणं जाणवतात, पण मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूला मिळणाऱ्या या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि उलटी होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. घाट लागण्याआधी मोबाइल काढून घ्या, लांबचं बघायला सांगा, काच थोडी खाली करा, निघताना भरपेट मिसळीऐवजी हलकं काही द्या.

मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं आपल्याकडे सर्रास चालतं. ६० किलोमीटर वेगातली गाडी दहाव्या भागाच्या सेकंदात थांबली, तर १२ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुणाच्याच हातात नसते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा बाल-आसनाशिवाय बसवल्यास १ हजार रुपये दंड आहे.

एसटीने जाणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांसाठी अर्धं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाचा मोठा खर्च यातून वाचतो.

बोटीत बसताना काय बघायचं?

मुंबई बघून अलिबागला जायचं असेल तर गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटी सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो सेवाही आहे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या, इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या स्पीडबोटीने धडक दिली. १५ जणांचा जीव गेला. त्यात सात वर्षांचा एक मुलगाही होता. त्यानंतर प्रवाशांनी लाइफ जॅकेट घालण्यावर प्रशासनाने भर दिला. पण जॅकेट असणं आणि ते मापाचं असणं यात फरक आहे.

घरच्या घरी जमेल अशी चाचणी: मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्याकडून जॅकेट वर उचला. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. पाण्यात असं जॅकेट वर येतं आणि मूल खालून निसटतं. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. मापाचं जॅकेट नसेल तर बोटीची फेरी सोडा. बनाना राइड, स्पीडबोट, पॅरासेलिंग यांच्या बाबतीतही हेच. दर उतरवून घेण्याआधी जॅकेट मागा.

जुन्नरच्या मुलाला अलिबागचं ऊन का सोसत नाही?

जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे आणि तिथली हवा कोरडी. त्यामुळे घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. किनाऱ्यावर हवेतच पाणी जास्त असतं. घाम वाळत नाही, अंग तापत राहतं आणि पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान लागल्याचं कळत नाही. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी, सोबत ओआरएसची पाकिटं आणि ११ ते ४ सावली, एवढं पुरे. खाऱ्या पाण्याचे चार घोट पोटात गेले तर उलटी होऊ शकते, त्यानंतर लगेच वडापाव देऊ नका.

अनर्थ घडलाच तर?

मुलाला पाण्यातून काढल्यावर पाय धरून उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. कडक जागेवर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा. श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या. हालचाल दिसली नाही तर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाबा आणि दोन श्वास द्या. हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवा. मूल शुद्धीवर आलं, हसू लागलं, तरी रुग्णालयात न्याच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी दिसू शकतो.

हे क्रमांक निघण्याआधी मोबाइलमध्ये साठवा: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दल १५५४. लाटा आणि समुद्राच्या स्थितीचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था देते. तिचं ‘समुद्र’ नावाचं मोबाइल अ‍ॅपही आहे.

परतताना मुलांना काय सांगाल?

अलिबागमध्ये बघण्यासारखं वाळूपलीकडेही आहे. नागाव आणि आक्षीच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. फेब्रुवारीनंतर गेलात तर रस्त्याकडेला वेण्या घालून टांगलेला पांढरा कांदा दिसेल. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा आणि आपला मंचरच्या बाजारातला कांदा यांची तुलना घरातली जाणती माणसं आपणहून करतील.

विज्ञानाची एक गोष्टही सांगता येईल. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी दुर्बीण आहे, तिला रेडिओ लहरींची शांतता लागते. अलिबागला जी चुंबकीय वेधशाळा आहे, ती १९०४ साली मुंबईतून इथे आली, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडली असती. एक वेधशाळा आपल्या तालुक्यात, एक समुद्राकाठी आणि दोघींनाही शांतताच हवी.

निघण्याआधीची यादी छोटी आहे. तिथी बघा, वेळापत्रकाशी ताडून घ्या, मुलांच्या मनगटावर आपला मोबाइल नंबर लिहा, पाण्याजवळच्या पाळ्या गाडीतच ठरवा. आणि किल्ल्यावरून निघायची वेळ झाली की मुलं ‘अजून थोडा वेळ’ म्हणतीलच. त्यांना सांगा, समुद्र कुठे जात नाही, पुढच्या दिवाळीत परत येऊ.